अनवाणी पंगत

"दहा माणसं कुठून आणू?" सिपोरानं विचारलं.

नाथान दाढी करत होता. खिडकीच्या कडीला टांगलेल्या आरशात त्याचा एका वेळी एकच गाल मावायचा, त्यामुळे तो उत्तरंही एकेका गालातूनच द्यायचा. "कशाला दहा माणसं?"

"कशाला म्हणजे? मलिद्याला! इकडे आल्या आल्या छावणीच्या तंबूत एलिशाला ताप चढला होता, तेव्हा मी बोलले नव्हते? बाळ उठून बसू दे, एलियाहू हन्नाबीच्या जागी जाऊन त्याचं जावळ काढीन आणि दहा माणसं मलिद्याला बसवीन."

"पाच बोलायची होतीस."

"नवसात काय घासाघीस करतात?"

"घासाघीस नाय गं. पण आजूबाजूला माणसं हायेत का ते बघून बोलावं." नाथाननं गाल बदलला. "मला आज धरू नको. विमानं उतरायची हायेत, सामान कोण काढणार? मुकादमाकडे लीव्ह मागितली तर म्हणतो, तुझ्या नबीला सांग शनिवारी ये."

"शनिवारी शब्बाथ. शब्बाथला कुणी केस कापतं का?"

"तेच बोललो. तर म्हणाला, मग नबीलाच सांग सामान उतरवायला."

सिपोरानं पोह्यांचा डबा पुढ्यात ओढला. डबा मुंबईहून आला होता. तिच्या भावानं, हासाजीनं, इकडे येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवला होता. सोबत सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आणि कागदाच्या पुडीत वेलची. डबा तिनं इतके दिवस फोडला नव्हता, कारण एकदा फोडला की नवस फेडावा लागणार, आणि नवस फेडायचा तर माणसं लागणार.

"आणि मामा?" ती म्हणाली. "जावळ मामाच्या मांडीवर काढतात. हासाजी तिकडे उमरखाडीला. पोहे पाठवले त्यानं, मांडी कशी पाठवणार?"

नाथानचे दोन्ही गाल उरकले होते. त्यानं तोंड पुसलं, झोपलेल्या एलिशाच्या केसांवरून हात फिरवला आणि दारातून वळून म्हणाला, "हैफाची नबीची मोठी गुहा लांब पडते, दिवस पुरायचा नाय. ती टेकडीवरची लहान गुहा हाय ना, जिथं तो एक रात्र टेकला होता म्हणतात, तिथं जा. त्याला काय, रथवाला माणूस. कुठंही येईल."

हे मात्र खरं होतं. कोकणातला ज्यू, म्हणजे बेने इस्राएल माणूस, देवाशी बोलताना जरा दबकतो, पण एलियाहू हन्नाबीला घरातल्या थोरल्या काकासारखी हाक मारतो. अलिबागेजवळ खंडाळ्याच्या खडकावर स्वर्गात जाताना टेकलेल्या त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. तिथवर जो येऊन गेला, त्याला लोदपासून दोन बसच्या अंतरावरची टेकडी काय जड!

प्रश्न माणसांचा होता. कोकणात मलिदा म्हटला की माणसं बोलवावी लागत नाहीत. पोहे भिजवले, त्यात खोबरं-साखर कालवली, वेलचीचा वास ओटीवरून खाली उतरला की माणसं आपोआप येतात. पायताणं पायरीखाली काढतात, चादरीभोवती गोळा होतात आणि घरच्या बाईवर ओरडतात, "काय गं, किती उशीर? आम्हाला घरं-दारं हायेत का नाय?" जो ओरडत नाही तो परका. सिपोराच्या लहानपणी मलिद्याला आलेला एक नवा जावई अदबीनं गप्प बसून राहिला, तर त्याला बरं वाटत नसेल म्हणून आतल्या खोलीत निजवला होता.

आणि इथं इस्राएलातल्या लोदच्या या नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर बल्गेरियाची माणसं, शेजारी मोरोक्कोची, खाली कुठली ती अजून कळली नव्हती. सगळी भली. जिन्यात भेटली की मान हलवायची, सिपोराही मान हलवायची. त्या मानेत जेवढं मावेल तेवढं बोलणं. तिच्याबरोबर विमानातून उतरलेली ओळखीची घरं सरकारनं दक्षिणेला, वाळवंटाच्या गावांत नेऊन वसवली होती. नाथान उजाडायच्या आत विमानतळावर जायचा. मग दिवसभर सिपोरा मराठी बोलायची ती प्रायमसशी आणि एलिशाशी. प्रायमस निदान भरभरायचा तरी. एलिशा अंगणातल्या पोरांकडून शिकलेल्या एकाच हिब्रू शब्दात उत्तर द्यायचा: लो, म्हणजे नाही.

"बाळा, दूध पितोस?"

"लो."

"बरं, नको पिऊ. गुहेत जायचं?"

"लो."

"मामा भेटला तर?"

एलिशानं जरा विचार केला. "लो," तो म्हणाला. पण या वेळी सावकाश.

दुसऱ्या बसमध्ये नेहमीचं झालं. एलिशाचे केस खांद्याच्या खाली लोळत होते, नवसाचे असल्यामुळे त्यांना जन्मापासून कात्री लागलेली नव्हती. प्रत्येक बाई वाकून म्हणायची, "काय गोड मुलगी!" सिपोरा आपल्याला येत असलेल्या तेवढ्या हिब्रूत म्हणायची, "मुलगा." बाई केसांकडे बघायची, मग सिपोराकडे, आणि हिला अजून भाषा येत नाही बिचारीला असं मनाशी ठरवून प्रेमानं मान हलवायची.

बस पायथ्याशी उतरवून गेली. वर जायची वाट दगडांची आणि काट्यांची. एका काखेत एलिशा, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत पोहे, खोबरं, साखर, खजूर, संत्री, ताट-वाटी, किसणी, चादर. निघताना तिनं सगळं दोनदा तपासलं होतं आणि कात्री टेबलावर विसरली होती, पण ते तिला अजून ठाऊक नव्हतं.

टेकडीच्या कपाळावर पांढरी भिंत, लोखंडी फाटक, फाटकाशी कॅरोबचं जुनं झाड, त्याखाली पाण्याची कळशी आणि बसायचा एक लांब दगड. आत गुहेचं काळं तोंड, मेणबत्त्यांच्या धुरानं आणखी काळं झालेलं. चिटपाखरू नव्हतं. गुहा सांभाळणारा अहरोन म्हातारा टेकडीमागे आपल्या शेळ्यांना पाणी पाजायला गेला होता.

सिपोरानं पिशवी झाडाखाली ठेवली आणि अजिबात विचार न करता बूट काढले. देवाच्या जागी पायताण घालून जायचं हे तिच्या पायांनाच ठाऊक नव्हतं. रेशनच्या कूपनावर मिळालेले तपकिरी बूट, अजून टाचेला चावणारे. ते तिनं फाटकाशेजारच्या दगडावर नीट जोडून ठेवले, शेजारी एलिशाचे चिमुकले, आणि डोक्यावर पदर घेऊन आत गेली.

आत गार होतं. तिनं खडकाला हात लावून बोटं ओठांना लावली. एलिशाचाही हात लावला. मग हळूच म्हणाली, "एलियाहू हन्नाबी, मी आले. तिकडं होते तेव्हा तू किती जवळचा वाटायचास. इथं तुझ्या गावात आले तर ओळखीचं कुणी नाय रे. माझं सोड. पोराचा नवस हाय. तेवढी माणसं तूच बघ बाबा."

बाहेर नेमकं तेव्हाच माणसं यायला लागली होती.

पहिली आली हबीबा. बगदादची, साठीची, अंगानं भरलेली आणि आवाजानं त्याहून. फाटकाशी तिला बुटांचे दोन जोड दिसले, एक बाईचा, एक मुलाचा, अगदी शिस्तीत. ही इथली रीत असणार, तिनं ताडलं. देव बोलला त्या जळत्या झुडपापुढं मोशेनं नाही का जोडे काढले? तिनं काढले. मग एक येमेनी आजोबा आणि त्यांची बायको आली. तीन जोड बघून आजोबांनी बायकोला अशा नजरेनं पाहिलं, की हे मला आधीपासून माहीत होतं. त्यांनी काढले. मग लष्करातून रजेवर आलेला एक शिपाई आणि त्याची मैत्रीण, शिपायाचे बूट सोडायलाच निम्मा वेळ गेला. मग बल्गेरियाच्या दोन बहिणी. मग एक मोरोक्कन आजी नातसुनेला घेऊन. प्रत्येकाला दगडावरची रांग आधीपेक्षा लांब आणि म्हणून आधीपेक्षा पवित्र दिसत होती.

शेवटी आला मेंडेल. रुमानियाचा शिंपी, उंच, वाळलेला, कोटाच्या कॉलरला दोरा ओवलेली सुई टोचलेली. त्याचा असल्या जागांवर विश्वास नव्हता आणि तो ते विचारायच्या आत सांगायचा. तो मेणबत्त्या लावायला आला होता. एका मुठीत मावणार नाहीत इतक्या मेणबत्त्या त्यानं कागदात गुंडाळून आणल्या होत्या.

"बूट काढा," शिपाई म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

शिपायानं येमेनी आजोबांकडे बोट दाखवलं. आजोबांनी हबीबाकडे. हबीबानं गुहेच्या आत, जिथं एक पदर घेतलेली बाई खडकाशी काहीतरी अगम्य भाषेत बोलत होती.

"चार वाजता बस आहे," मेंडेल म्हणाला. "त्यानंतर बस नाही." पण सगळे अनवाणी पायांनी त्याच्या बुटांकडे बघत राहिले, तेव्हा त्यानं ते काढले. दगडावर जागा उरली नव्हती म्हणून खाली ठेवले आणि मेणबत्त्या घेऊन तो सगळ्यांबरोबर आत गेला.

आता अहरोनचं. अहरोन म्हातारा गेला हिवाळाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला विनवत होता, की खालच्या छावणीत नवी माणसं उतरली आहेत, त्यांच्या पायात काही नाही, जुनेपाने कपडे-बूट असतील तर आणा, इथं ठेवा, मदत समितीचा ट्रक येऊन नेईल. एवढ्या विनवणीवर त्याला आजवर मिळालं होतं काय, तर एक मोडकी छत्री आणि डाव्या पायाचा एकच बूट. समितीचा ड्रायव्हर आताशा वर यायलाही कुरकुरायचा.

त्या दिवशी ट्रक आला, अहरोन शेळ्या घेऊन परतला, आणि दोघांनी फाटकाशी बघितलं. दगडभर बूट! पुरुषांचे, बायकांचे, पोराचेसुद्धा. दोन्ही पायांचे! जोडीनं लावलेले!

अहरोनच्या डोळ्यांना पाणी आलं. "बघितलंस?" तो ड्रायव्हरला म्हणाला. "तू म्हणायचास, लोकांना मन नाही." ड्रायव्हरनं डोक्यावरची टोपी काढली. दोघांनी मिळून बूट पोत्यात भरले, आणि ट्रक धूळ उडवत खाली गेला.

माणसं बाहेर आली आणि दगडाकडे बघत उभी राहिली.

मग जो गलका उडाला तो कमीत कमी पाच भाषांत होता. शिपाई म्हणाला, आजोबांनी काढायला लावले. आजोबा म्हणाले, ही बगदादची बाई अनवाणी दिसली म्हणून. हबीबा म्हणाली, मी काय करू, आधीच बूट होते. अहरोनला सगळं समजायला थोडा वेळ लागला आणि समजल्यावर त्यानं कपाळ धरून तिथंच बसकण मारली. मग उठला, गाढवावर बसला आणि ट्रकमागे निघाला. गाढवाला घाई कळत नव्हती.

"चार वाजताची बस!" मेंडेल ओरडला. "या काट्यांतून मी उतरणार कसा? उडत? कोण ती बाई? जिनं आधी काढले ती कुठाय?"

ती अजून आतच होती. इतका वेळ ती खडकाला कपाळ लावून डोळे मिटून होती, मागून कोण येऊन गेलं ते तिनं पाहिलंच नव्हतं; आणि आता एलिशाला मेणबत्त्या सोडवत नव्हत्या. एका कोपऱ्यात नव्या लावलेल्या मेणबत्त्यांची गर्दीच झाली होती. "बस्स, चल बाळा," म्हणत तिनं त्याला उचललं आणि ती उजेडात आली.

आणि थबकली.

समोर माणसं उभी होती. सगळी अनवाणी. सगळी तिच्याकडेच बघत होती. आणि तिला बघताच सगळी एकदम तिच्यावर ओरडायला लागली.

सिपोराचे डोळे भरून आले. किती वर्षांत तिच्यावर असं कुणी ओरडलं नव्हतं!

"आलात? बसा, बसा!" ती मराठीत म्हणाली. "झालंच हाय. पोहे भिजवते, काय वेळ लागतो?" आणि तिनं झाडाखाली चादर अंथरली.

आरडाओरडा वाढला. सिपोराचं मन आणखी भरून आलं. "हो, हो, कळतंय मला, घरं-दारं हायेत सगळ्यांना," असं म्हणत तिनं कळशीतलं पाणी पोह्यांवर शिंपडलं. बल्गेरियाच्या थोरल्या बहिणीच्या हातात संत्रं दिलं. ती तावातावानं काहीतरी सांगत होती, पण हातात संत्रं आल्यावर तिचे हात आपोआप ते सोलायला लागले. धाकटी तिच्यावर ओरडली, तर सिपोरानं तिलाही दिलं. शिपायाच्या हातात तिनं खोबऱ्याची वाटी आणि किसणी ठेवली. शिपाई होता, हातात दिलेलं काम करायची त्याला सवय होती.

मेंडेल अगदी तिच्या पुढ्यात येऊन मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटत म्हणाला, "ऑटोबस! ऑटोबस!"

"हो, ऑटोबसनंच आले," सिपोरा समजुतीनं म्हणाली. "दोन बदलून. तुम्ही?"

मेंडेलनं आकाशाकडे पाहिलं.

शेवटी हबीबा पुढं झाली. हबीबाचा बाप कधीकाळी व्यापारासाठी मुंबईत राहिला होता आणि तिचं सारं लहानपण भायखळ्याला गेलं होतं. पदर, पोहे, "बसा" हे सगळं तिच्या आत कुठंतरी हलायला लागलं.

"ए बाई," ती म्हणाली, "तुम बंबई का है?"

सिपोराच्या हातातली साखरेची पुडी तशीच राहिली. "हो! उमरखाडी! मूळ आम्ही रोह्याचे. रोहेकर. तुमको मराठी आता है?"

"मराठी नहीं. हिंदुस्तानी थोडा थोडा. मैं हबीबा. सुनो बाई. ये लोग तुमको गाली देता है."

"कशाला?" सिपोरा हसून म्हणाली. "उशीर झाला म्हणून ना?"

"नहीं रे बाबा! जूता! तुम जूता निकाला, मैं निकाला, सब लोग निकाला. जूता सब ट्रक में गया. सबका. तुम्हारा भी."

सिपोरानं दगडाकडे पाहिलं. दगड रिकामा होता. मग तिनं एकेका चेहऱ्याकडे पाहिलं, आता पहिल्यांदाच नीट. त्या चेहऱ्यांवर मलिद्याचं काही नव्हतं.

"म्हणजे," तिनं हळूच विचारलं, "ये लोग मेरे मलिदे को नहीं आया?"

तिचा हात अजून पोह्यांतच होता. तो बाहेर काढून पदराला पुसावा, की तसाच ठेवावा, हे तिला ठरवता येईना. एलिशा तिच्या गुडघ्याला धरून उभा होता. तो म्हणाला, "लो," आणि तिला वाटलं, या पोराला एवढं सगळं कसं कळतं?

हबीबा तिच्याकडे बघत राहिली. मुंबईत असती तर बगदादी घरातल्या या बाईनं कोकणातल्या बेने इस्राएलणीच्या ताटाला बोट लावलं नसतं. तिथं यांची देवळं वेगळी, त्यांची वेगळी, आणि पंगतीचं तर नावच नको. पण मुंबई आता दोघींपासूनही सारखीच लांब होती. हबीबा वळली आणि कमरेवर हात ठेवून सगळ्यांना आधी अरबीत, मग हिब्रूत काहीतरी भलंमोठं बोलली. सगळ्यांच्या माना झाडाकडे वळल्या.

ती काय बोलली ते सिपोराला कधीच कळलं नाही. तिनं मनाशी ठरवून टाकलं, की फार सुंदर काहीतरी बोलली असणार. हबीबा म्हणाली होती ते एवढंच, की म्हातारा गाढवावर गेलाय, तो लवकर येत नाही. खाली काटे, वर ऊन. सावली या एकाच झाडाची आहे, आणि त्या सावलीत साखर आहे. वर तिनं विचारलं, की कूपनाशिवाय साखर तुम्ही शेवटची कधी खाल्ली?

तर माणसं बसली. कुणी मांडी घातली, कुणाला येत नव्हती तर पाय पसरले. पोह्यांचा डोंगर ताटात रचून सिपोरानं भोवती खजूर आणि संत्र्याच्या फोडी लावल्या, तसे येमेनी आजोबा एकदम सरसावले. फळाफळाचा आशीर्वाद कोणता आणि कुठल्या क्रमानं, हे त्यांना विचारावं लागलं नाही. त्यांचा आवाज घुमायला लागला आणि सगळ्यांनी आमेन म्हटलं. आमेन सगळ्यांचं एकच होतं.

सिपोरानं डोळ्यांनीच मोजलं. नऊ.

दहावा मेंडेल होता. तो भिंतीशी उन्हात एका खडकावर बसून घड्याळाकडे बघत होता.

"उनको बोलो ना," ती हबीबाला म्हणाली. "दहा लागतात. नवस हाय."

हबीबानं हाक मारली. मेंडेलनं तिथूनच उत्तर दिलं, की आपण देव मानत नाही, आपल्याला भूक नाही, आणि स्टीमरोलरखाली गेलेला तांदूळ आपण खात नाही.

"भूख नहीं बोलता," हबीबानं बाकीचं गाळून सांगितलं.

सिपोरानं एका वाटीत मलिदा काढून ठेवला. आणि कात्रीसाठी पिशवीत हात घातला. मग पिशवी उलटी केली. मग चादरीची घडी झटकली.

"क्या हुआ?"

"कात्री घरी राहिली," सिपोरा म्हणाली आणि खाली बसली. मामा नव्हता, दहावा माणूस नव्हता, बूट नव्हते, आता कात्रीही नव्हती. नवसातलं जे होतं ते म्हणजे केस. तेवढे मात्र भरपूर होते.

ते केस घेऊन एलिशा एव्हाना भिंतीच्या बाजूला निघाला होता. शेळीचं एक करडू त्याला दिसलं होतं. त्यानं चार पावलं टाकली आणि किंकाळी फोडली. करडू पळालं. काटा टाचेत गेला होता, चांगला खोल.

सिपोरा उठून पोहोचेपर्यंत सगळ्यात जवळ जो होता त्यानं पोराला उचललं होतं. मेंडेलनं त्याला मांडीवर घेतलं, टाच उजेडाकडे वळवली, कॉलरची सुई काढली. ओठ घट्ट मिटून, जणू कुणाच्या लग्नाच्या कोटाची शिवण उसवतोय अशा नाजूकपणानं, त्यानं काटा काढला आणि एलिशाला दाखवला. एलिशानं काट्याकडे पाहिलं, मेंडेलकडे पाहिलं, आणि रडणं अर्ध्यावर सोडून दिलं.

"गोड मुलगी आहे," मेंडेल जरा रागानंच म्हणाला.

"लड़का है!" हबीबा ओरडली, मग चूक लक्षात येऊन हिब्रूत ओरडली, "मुलगा आहे तो! केस कापायचेत त्याचे! कात्री आहे तुझ्याकडे?"

शिंप्याकडे कात्री आहे का? मेंडेलला या प्रश्नाचा अपमान वाटला. त्यानं खिशातून कातडी म्यान काढलं आणि म्यानातून कात्री. "पण मी न्हावी नाही," तो म्हणाला. "द्या कुणाकडे तरी. आणि याला घ्या."

"नको, नको!" सिपोरा धावत म्हणाली. "उठू नका! हबीबाबाई, त्यांना सांगा, उठू नका. मामाच्या मांडीवरच काढायचं असतं."

"मामा क्या?"

"माँ का भाई."

हबीबानं सांगितलं. मेंडेल कात्री हातात धरून तसाच बसून राहिला. त्यानं पोराच्या टाचेवरचा रक्ताचा थेंब अंगठ्यानं पुसला. मग मेंडेल हळू आवाजात हबीबाला काहीतरी म्हणाला.

"क्या बोला?"

"बोलता है," हबीबा म्हणाली, "इसका बहन था. बहन का बच्चा लोग भी था."

सिपोराला हबीबाचं हिंदुस्तानी मोडकं आहे हे ठाऊक होतं. तरीही त्या दोन वाक्यांतला "था" अगदी बरोबर बसलाय, हे तिला कळलं. गुहेतली ती मेणबत्त्यांची गर्दी तिला आठवली. ती पुढं झाली आणि एलिशाचे केस कानामागं सारून तिनं पहिली बट मेंडेलपुढं धरली.

मेंडेलनं कापली. मग दुसरी. माप घेतल्यासारखं डोकं इकडून तिकडून बघून तिसरी. मोरोक्कन आजीनं आनंदानं जीभ हलवत लुलुलु असा कल्लोळ केला, तसं करडू आणखी लांब पळालं. येमेनी आजोबांनी पोराला आशीर्वाद दिला, तो संपेना, तेव्हा त्यांच्या बायकोनं त्यांना कोपरानं थांबवलं. केसांच्या ढिगाऱ्यातून हळूहळू एक गोल डोक्याचा, मोठ्या कानांचा मुलगा बाहेर आला. बल्गेरियाच्या बहिणी एकदमच म्हणाल्या, "अरे, मुलगाच आहे!"

सिपोरानं मलिद्याची वाटी मेंडेलपुढं केली. त्यानं एक घास घेतला, चावत राहिला, आणि हबीबाला काहीतरी म्हणाला.

"साखर थोड़ा कम है, बोलता है."

"नाव ठेवतोय!" सिपोराचा चेहरा उजळला. "मग झाला तो घरचा." आणि तिनं त्याला पोरासकट झाडाखाली चादरीवर बसवून वाढलं.

नवस फिटला.

अहरोन परतला तेव्हा पोतं गाढवावर होतं आणि तो चालत होता. "मिळाले," तो धापा टाकत म्हणाला, "एक जोड सोडून. तपकिरी, बाईचे. ते एका म्हातारीनं घातलेत आणि ती छावणीभर फिरून सगळ्यांना दाखवतेय. मला नाही मागता आले. माझ्याच्यानं नाही झालं."

हबीबानं भाषांतर केलं. सिपोरा म्हणाली, "चावतात टाचेला. तिला सांगा, आत कापूस घाल म्हणावं."

तेवढ्यात खाली वळणावर धूळ दिसली आणि सगळी टेकडी एकदम जागी झाली. बस! पोतं उलटं झालं. माणसं स्वतःचे बूट शोधत, दुसऱ्याचे फेकत, एका पायावर उड्या मारत निघाली. शिपाई नाडी न बांधताच धावला. बल्गेरियाच्या थोरलीनं जाता जाता सिपोराचा गाल दाबला. येमेनी आजीनं उरलेला मलिदा रुमालात बांधून घेतला, न विचारता, अगदी रेवदंड्याच्या बाईसारखं. हबीबा सिपोराच्या दोन्ही गालांचे मुके घेऊन म्हणाली, "तुम लोद में? हम रामले में! एकदम बाजू में! मैं आएगा!" आणि तिचा आवाज वाट उतरून बराच खाली गेला तरी वर ऐकू येत राहिला.

सिपोरा झाडाकडे वळली. मेंडेल तिथंच बसला होता. त्याचे बूट त्याच्या शेजारी ठेवलेले, पाय अजून उघडे. पँटभर केस सांडलेले. मांडीवर एलिशा गाढ झोपलेला, नवं डोकं त्याच्या कोटात खुपसून.

"द्या," ती हात पुढं करून कुजबुजली. "बस. ऑटोबस."

मेंडेलनं मान हलवली. नाही.

खालून हॉर्न वाजला. "मेंडेल!" हबीबा ओरडली. "ऑटोबस! चार वाजले!" ड्रायव्हरनं पुन्हा हॉर्न वाजवला, लांबलचक. शिपाई दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारत होता.

मेंडेलनं टेकडीवरून खाली वाकून पाहिलं, आणि बस, ड्रायव्हर, शिपाई, हबीबा आणि मधली सगळी दरी, या सगळ्यांना उद्देशून ओठांवर बोट ठेवलं.

बस गेली. धूळ खाली बसली.

"संध्याकाळी दुधाची गाडी जाते," अहरोन म्हणाला. "सोडेल तुम्हाला." आणि तो शेळ्या बांधायला गेला.

सिपोरा चादरीच्या टोकाशी बसली. तिनं चादरीवर सांडलेले पोहे वेचले. मग तिनं बोलायला सुरुवात केली. मराठीतच, दुसरं होतं काय? हासाजी लहानपणी कसा आंब्यावरून पडला, मग आईनं त्याच्याऐवजी आंब्यालाच कसं मारलं, तंबूत त्या रात्री पोराचं अंग कसं विस्तवासारखं होतं, आणि नाथान फार चांगला माणूस, पण त्याच्याशी बोलायचं तर एका वेळी एकच गाल मिळतो. मेंडेलला एक अक्षर कळत नव्हतं. तो समोरच्या डोंगराकडे बघत बरोबर जागी "हं" म्हणत होता.

त्या विस्तवासारख्या तापाशी येताना तिचा आवाज चढला, तसं त्यानं मांडीवरच्या पोराकडे बघून "श्श" केलं.

"बरं," सिपोरा म्हणाली, आणि कुजबुजत पुढचं सांगायला लागली.